शेरूचे माप

“कुत्र्याचं काय माप घ्यायचं ताई, लांबी तेवढी सांगा, बाकी अंदाजानं बसवतो,” असे आज शेरूसाठी थंडीचे जाकीट शिवायला सांगितल्यावर सीताबर्डीतले शिंपीकाका सहज म्हणाले, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत मनात सलत राहिले.

शेरू आता म्हातारा झाला आहे, त्याचे केस आखूड आहेत आणि नागपूरची थंडी काही लुटुपुटीची नसते; २०१८ च्या डिसेंबरात इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

घरी आल्यावर त्याला सरळ उभे केले, कारण बसलेल्या कुत्र्याचे माप चुकते. गळ्यातला पट्टा जिथे टेकतो तिथला घेर, पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा सर्वांत रुंद घेर, आणि मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीची लांबी, अशी तीन मापे घेतली. टेपखाली दोन बोटे सरकतील एवढी जागा ठेवली. छातीभोवती टेप येताच त्याने अंग आकसून घेतले, म्हणून तो सैलावेपर्यंत मी थांबले.

यांत छातीचे माप सर्वांत महत्त्वाचे. ते आवळ झाले तर बगलेत कापड घासून केस जातात आणि कातडी सोलवटते. फार सैल झाले तर त्यात पाय अडकतो. नराच्या जाकिटाचे पोटाखालचे कापडही आखूडच हवे, नाहीतर ते लघवीने भिजते, आणि कडाक्याच्या थंडीत ओले कापड अंगावर असणे हे जाकीट नसण्याहूनही वाईट.

कुठे काचते ते आपण शिंप्याला सांगू शकतो. ज्याला सांगता येत नाही, त्याच्याच मापाला अंदाज कसा पुरतो?