तुम्ही विचारलंत म्हणून: काठावरून गळ टाकला तर काय बिघडतं?

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर आम्ही हौसेनं गळ टाकणारे होड्या मागतोय, म्हणून हा प्रश्न मला मेहुणे विचारतात, कारखान्यातले विचारतात, निवेदन घेणारे साहेब विचारतात. थंडीत हिप्परग्याला पक्षी बघायला येणारी मंडळी तर हटकून विचारतात. "होडी कशाला पाहिजे तुम्हाला? एवढा मोठा काठ पडलाय की." प्रत्येकाला मी तुकड्यातुकड्यानं उत्तर दिलंय आणि दरवेळी घरी येताना वाटलंय की खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून आता लिहूनच टाकतो.

आधी काठाचंच बोलू. हिप्परग्याचा तलाव, कागदोपत्री एकरुख, 1871 साली पुरा झाला. अदिला नदीवर दोन किलोमीटरहून लांब मातीचा बांध घातला, तो आजही उभा आहे. पण सोलापूरचा पाऊस कसा ते तुम्हाला मी सांगायला नको. दिवाळी झाली की पाणी उतरायला लागतं आणि जिथं काठ होता तिथं गाळ उरतो. वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. त्यापुढं बेशरमाची झाडी. त्यापुढं पोटरीएवढं पाणी, तेही लांबवर. चक्रीची दोरी कितीही जोर लावून फेका, पडते ती त्या उथळ पाण्यातच.

उथळ पाण्यात मासा एकच, चिलापी. ती काठालाच खळगे करून अंडी घालते, तलावातच वाढते, तिला कुणी आणून सोडावं लागत नाही. कटला, रोहू, मृगळ यांचं तसं नाही. त्यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं, साठलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, दरवर्षी विकत आणून सोडतात. ती मोठी झाली की खोल पाणी धरतात, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात खोल पाणी म्हणजे अदिलेचं जुनं पात्र, तलावाच्या पोटात. काठावरून ते नुसतं दिसतं.

"मग चिलापी धरा." हेही ऐकून झालंय. धरतोच आम्ही. पण आयुष्यभर मागाच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस सुट्टीच्या दिवशी खोल पाण्यावर शांत बसू इच्छितो, त्याला कटल्याची ओढ एकदा हाताला जाणवावी असं वाटतं, यात वावगं काय आहे ते मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. क्रिकेटला मैदान मागितलं की कुणी म्हणत नाही, गल्लीत खेळा.

बरं, हे सगळं बाजूला ठेवतो. होडी मागण्याचं माझं कारण आता हे नाहीच.

माणसं आजही पाण्यात जातात. काठावर बसा म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. ट्रकच्या ट्यूबवर बसून जातात, थर्माकोलचे तुकडे पोत्यात भरून त्यावर पालथं पडून जातात, कुणी गुळाची काईल घेऊन जातं. जाऊ नका म्हणून फलक लावला तरी जातात. अण्णाही असेच गेले.

अण्णा यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे. मला गळ बांधायला त्यांनी शिकवलं. शेंगदाण्याची पेंड भाजून, कुटून, कणकेत मळून गोळा करायचे, तो पाण्यात किती वेळ टिकतो ते आधी डब्याच्या झाकणात बघायचे, मगच गळाला लावायचे. घाई कसली ती त्यांना माहीत नव्हती. मी चुळबुळ करायला लागलो की म्हणायचे, "काय करलालास बे, मासा काय मालक हाय का तुझा, उशीर झाला म्हणून ओरडायला?"

वैशाखातली दुपार होती. त्यांची दोरी पाण्यात बुडालेल्या बाभळीत अडकली. नवी दोरी, नवा गळ. तोडून टाका म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. दोन ट्यूब बांधून वर फळी टाकलेला तराफा कुणीतरी काठाला ठेवला होता, त्यावर बसून हातानं पाणी मारत निघाले. बाभळीपर्यंत पोचलेसुद्धा. वाकून दोरी सोडवत होते तेवढ्यात पश्चिमेकडून वारं सुटलं. वळवाचं वारं कसं येतं, आधी धूळ, मग सगळं एकदम. तराफा गरकन फिरला, फळी निसटली, अण्णा पाण्यात. त्यांना पोहता येत होतं, विहिरीत शिकलेले. पण पायात दोरी होती. ट्यूब मोकळी झाली आणि वाऱ्यानं बांधाकडं पळाली, अण्णांच्या हातापासून लांब.

काठाला मच्छीमारांची एक होडी होती. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. पत्र्याची, साखळीनं बाभळीला बांधलेली, साखळीला कुलूप. किल्ली गावात. मी फोन लावला, "आलोच" म्हणाले. मी दगड घेतला. कुलूप तुटेना, शेवटी साखळीची कडी उघडली. होडी ढकलून पाण्यात घातली आणि मग दिसलं की वल्हं नाही. वल्हीही घरी नेतात. मी त्या निसटलेल्या फळीनं पाणी मारत राहिलो, वारं मला परत काठाला आणून लावत राहिलं. अण्णांचं डोकं दिसत होतं, मग हात दिसला, मग पाऊस आला आणि पलीकडचं काही दिसेना.

मच्छीमारांचा एक पोरगा मोटारसायकलवरून किल्ली आणि वल्हं घेऊन आला. कपडे न काढता उडी घेतली त्यानं. अंधार पडेपर्यंत बुड्या मारत होता. अण्णा सापडले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. पायाला दोरीचे वेढे होते.

पुढच्या आठवड्यात साखळी तोडल्याची तक्रार आली माझ्या नावावर. पैसे मी भरले. त्या वेळी मला इतका राग होता की तो तलाव, ती होडी, सगळे मच्छीमार, कुणाचं तोंड बघू नये असं वाटत होतं.

आता शांतपणे सांगतो. कुलूप लावणारा चुकला असं मी म्हणत नाही. होडी मोकळी ठेवली तर रात्रीत जाळ्यातला माल जातो, कधी जाळंही जातं. बोटुकली सोडायला ते कर्ज काढतात. वर डायनामाइट लावणारे, पाण्यात औषध टाकणारे वेगळेच. कायद्यानं ते गुन्हे आहेत, तरी चालू आहेत. ज्याचं पोट त्या पाण्यावर आहे त्यानं कुलूप लावू नये तर काय करावं?

अण्णांच्या आधी मी असं बोलत नव्हतो. भर बैठकीत उभा राहून म्हणायचो की तलाव जनतेच्या पैशाचा, पाण्यावर ठेका कसला, कुणीही यावं, कुठंही होडी घालावी. भोई समाजातला एक म्हातारा तेव्हा मला म्हणाला होता, "तुमची हौस हाय, आमची चूल हाय." मी त्याला उलट बोललो. आज तसा बोलणार नाही. पण खरं सांगू? तो आधीचा मी रात्री कधीतरी परत भांडायला येतो. म्हणतो, चूल मान्य, पण म्हणून शहराच्या माणसाला आपल्याच तलावावर पाय ठेवायला ट्यूब शोधावी लागावी? त्याला द्यायला माझ्याकडं पक्कं उत्तर नाही.

म्हणून मागणी लहान केली. पाणी उतरलं तरी गाळात न फसता जाता येईल असा एक दगडी उतार. तिथं वल्ह्याच्या चार होड्या, इंजिन अजिबात नाही, कारण हे पाणी सोलापूर पितं. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कुणाला सोडायचं नाही. पास लावायचा आणि त्याचा पैसा मच्छीमारांच्या सोसायटीला, होड्याही त्यांच्याच पोरांनी चालवायच्या. जाळी असतील तो भाग सोडायचा, पट्टकादंब, थंडीत येणारे ते हंस, उतरतात तो भाग थंडीत सोडायचा. वारं दिसलं की बंद. इंजिन नसलेल्या होड्यांची नोंद आणि त्यांची किमान सुरक्षितता हे 2021 च्या अंतर्देशीय जलयानांच्या कायद्यातच आहे, आम्ही नवं काही मागत नाही.

यावर हमखास उजनी धरणातली दुर्घटना काढली जाते. 21 मे 2024 ला करमाळ्यातल्या कुगावहून पलीकडं इंदापुरातल्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. "बघितलं ना होडीचं काय होतं?" बघितलं. त्या रात्री मी झोपलो नाही. पण त्यानंतर कुणी म्हणालं का, की करमाळ्याच्या माणसानं इंदापूरला जाऊच नये? धरणाच्या पाण्यात रस्ते गेले, माणसं पाण्यावरूनच जाणार. मग पाण्यावर नियम पाहिजेत, जॅकेट पाहिजे, वाऱ्याचा अंदाज घेऊन नाही म्हणणारा माणूस पाहिजे. आमचंही तेच म्हणणं आहे.

अण्णा होडीत असते तर वाचले असते का, हेही विचारतात. माहीत नाही. वळवाच्या वाऱ्यात पत्र्याची होडीही उलटते. जॅकेट असतं तर कदाचित. बरोबर वल्हवणारा असता तर त्यानं ते पश्चिमेचं आभाळ बघून आधीच परत फिरवली असती, असं मला वाटतं. मला तसं वाटायला हवंय म्हणूनही वाटत असेल.

आता पुढचं निवेदन सोसायटीच्या सह्यांशिवाय द्यायचं नाही असं ठरवलंय. त्या दिवशी उडी घेतलेला पोरगा आता सोसायटीत आहे, त्याच्याकडं दोनदा जाऊन आलो. त्याला पटतंय, पण पासाचा हिशेब कुणी ठेवायचा यावर त्याचा विश्वास बसत नाही, आणि शहरातली माणसं दारू पिऊन येतील ही त्याची भीती खोटी नाही. "बघू" म्हणालाय. येत्या रविवारी परत जाणार आहे. तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या, आणि काठाचा प्रश्न तिथं त्याच्यासमोर विचारा.