एम.टेक.चा विद्यार्थी संशोधक होताना : काँक्रीटच्या प्रयोगशाळेतला माझा अनुभव

कोकणात सिव्हिलचा एम.टेक.चा विद्यार्थी प्रबंधासाठी बहुधा असं काहीतरी घेऊन येतो : ‘सागरी हवामानात फ्लाय ॲशच्या (औष्णिक वीजकेंद्रातल्या कोळशाच्या बारीक राखेच्या) काँक्रीटचा अभ्यास’. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. मार्गदर्शक म्हणून सुरुवातीचे आठवडे मी प्रश्न घडवण्यासाठीच ठेवतो. सिमेंटच्या जागी ३० टक्के फ्लाय ॲश घातली तर क्लोराइडचा (आतल्या सळया गंजवणाऱ्या, मिठातल्या घटकाचा) शिरकाव किती घटतो, आणि तो फरक २८ दिवसांनी दिसतो की ९० दिवसांनी? असं विचारलं की काय मोजायचं ते ठरतं. फ्लाय ॲशची रासायनिक क्रिया सावकाश चालते, म्हणून २८ दिवसांवर थांबलेला प्रबंध तिच्यावर अन्याय करतो. तुलनेच्या मिक्ससाठी (काँक्रीटच्या मिश्रणासाठी) ओपीसी, म्हणजे फ्लाय ॲश न घातलेलं साधं सिमेंटच हवं. दुकानात सहज मिळणाऱ्या पीपीसी या मिश्र सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश आधीच असते, आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही.

वाचनाबद्दल एवढंच : प्रत्येक शोधनिबंधावर एक पान, आणि त्यात त्यांनी काय मोजलं नाही याची एक ओळ.

खरा वेळ मी पुढच्या टप्प्याला देतो. दोन मिक्सची तुलना करण्याआधी विद्यार्थ्यानं एकच मिक्स तीन वेगवेगळ्या दिवशी ओतायचं. तिन्ही दिवसांच्या निकालांत जेवढा फरक पडतो, त्याहून लहान फरकाला ‘सुधारणा’ म्हणायचं नाही. मुलांना हे वेळखाऊ वाटतं, पण माझ्या मते संशोधकाची नजर इथेच येते.

पावसाळ्यात हा फरक हमखास वाढतो, आणि त्याचं कारण वाळूत असतं. घनमीटरला ३६० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंटचं ०.४५ गुणोत्तर धरलं तर पाणी १६२ लिटर. वाळू ७०० किलो असून तिच्या पृष्ठभागावर ५ टक्के ओलावा असेल तर ३५ लिटर पाणी न मोजता आत जातं आणि गुणोत्तर ०.५५ च्या जवळ पोचतं. म्हणून मिक्सच्या दिवशी सकाळी वाळू वजन करून, ओव्हनमध्ये सुकवून ओलावा काढायचा आणि पाणी तेवढं कमी करायचं.

आरसीपीटीत, म्हणजे काँक्रीटमध्ये क्लोराइड किती सहज शिरतं हे त्यातून गेलेल्या विजेवरून ठरवणाऱ्या चाचणीत, १०० मिमी व्यासाच्या, ५० मिमी जाडीच्या चकतीला ६ तास ६० व्होल्ट द्यावे लागतात. मध्येच वीज गेली तर चाचणी बाद. उरलेले तास नंतर जोडून बेरीज करायची नाही. इन्व्हर्टर आधी तपासा. गळणाऱ्या सीलमुळेही कूलॉम (गेलेल्या विजेचं माप) भलतेच येतात, म्हणून चाचणी सुरू करण्यापूर्वी चकतीची खाऱ्या पाण्याकडची बाजू बाहेरून कोरडी पुसून गळती होते का ते बघा.

जेटीच्या खांबांवर हाफ-सेल (आतली सळई गंजण्याची शक्यता विद्युत विभवावरून सांगणारं उपकरण) लावताना वेगळी गफलत होते. उणे ३५० मिलिव्होल्टच्या खाली वाचन गेलं की विद्यार्थी लगेच ‘गंजण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त’ असं लिहून टाकतो. पण सतत पाण्याखाली असलेल्या भागात ऑक्सिजन कमी पोचतो, त्यामुळे वाचन खूप उणे येऊनही गंज हळू चढू शकतो. भरतीच्या रेषेपासूनची उंची आणि वाचनाची वेळ नोंदवहीत नसेल तर ते वाचन वापरता येत नाही.

नोंदवही शिवलेली, पानांना क्रमांक घातलेली, पेनानं लिहिलेली. चुकलेलं वाचन एका रेघेनं खोडायचं, खालचा आकडा दिसला पाहिजे. साप्ताहिक भेटीत आधी विद्यार्थी बोलतो : काय केलं, काय बिनसलं, कशामुळे बिनसलं असं वाटतं. उत्तर मी लगेच देत नाही. पुढच्या भेटीपर्यंत ते कारण तपासायचा प्रयोग त्यानंच सुचवायचा.

लेखन आलेखांपासून सुरू करायचं, प्रस्तावना शेवटी. प्रस्तावनेतच मजकूर जसाच्या तसा उचलला जातो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार साम्य १० टक्क्यांच्या वर गेलं की दंडाची पायरी सुरू होते.

शेवटी एक परीक्षा मी आवर्जून घेतो. धाकट्या तुकडीतल्या मुलानं फक्त त्या नोंदवहीवरून एक मिक्स ओतायचं. जिथे त्याला ‘दादा, इथे किती वेळ ढवळलंत?’ असं विचारावं लागतं, ती जागा मूळ विद्यार्थी प्रबंध बांधायला देण्यापूर्वी पद्धतीच्या प्रकरणात भरतो.