१२५१ च्या मागोमाग: कोल्हापूर ते सांगली

डिसेंबरातली पहाट. सहाच्या आत आम्ही गंगावेशीत होतो. कट्ट्यावर म्हशींच्या धारा चालल्या होत्या, पेल्यांवर फेस चढत होता आणि आण्णांच्या काखेत ट्रान्झिस्टर होता. सांगलीला निघालो होतो, पण काम काहीच नव्हतं. ज्या आवाजावर आण्णा जन्मभर उठले, त्या आवाजाच्या दिशेनं एकदा जायचं, एवढंच ठरलं होतं.

कोल्हापूरला १०२.७ मेगाहर्ट्झवरचं एफएम केंद्र पुढं मिळालं. त्याआधी आमच्या घरात रेडिओ म्हणजे सांगली. १९६३ साली सुरू झालेलं आकाशवाणीचं केंद्र. मध्यम लहरी, २३९.८ मीटर, म्हणजे १२५१ किलोहर्ट्झ. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

ट्रान्झिस्टरच्या कातडी कव्हरात आण्णांनी परवान्याचं पुस्तक अजून जपलंय. पूर्वी पोस्टात पैसे भरून त्यावर शिक्का घ्यावा लागे, मगच घरात रेडिओ ठेवता येई.

काटा १२५१ वर आणला, तर दोन-तीन परकी केंद्रं एकमेकांत मिसळलेली. मध्यम लहरींचं रात्री, उजाडेपर्यंत, असंच होतं. दिवसा उन्हामुळं वातावरणात एक थर तयार होतो आणि तो वर जाणाऱ्या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो, मग शेकडो किलोमीटरवरची केंद्रं आभाळातून परतून खाली येतात. दिवस वर आला की जमीन धरून येणारी जवळची लहर तेवढी उरते.

पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीत थांबलो. मोटारसायकल चालू असली की प्लगची ठिणगीन्‌ठिणगी रेडिओत टर्र करून उमटायची, म्हणून ऐकायचं तर इंजिन बंद करावं लागायचं. तिथं आण्णा ट्रान्झिस्टर छातीशी आडवा धरून हळूहळू स्वतःभोवती फिरले. एका जागी आवाज अगदी बुडाला.

"बघ, आता ह्याचं टोक सांगलीकडं हाय."

आत लहरी पकडणारी फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. कांडी केंद्रासमोर आडवी आली की आवाज भरतो, टोक केलं की मरतो. आमचा रेडिओ कपाटावर कायम तिरका का असायचा आणि धूळ पुसताना तो हलला की आण्णा का ओरडायचे, हे मला इतक्या वर्षांनी तिथं रस्त्याकडेला कळलं. माझा हात आपोआप त्यांच्या खांद्यावर गेला.

हातकणंगले न थांबता मागं टाकलं. जयसिंगपुरात चहा घेताना त्यांनी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगितली. कोयनेच्या भूकंपानं त्यांची अख्खी गल्ली रस्त्यावर आली होती. माणसं घोंगडी पांघरून एका खिडकीतल्या रेडिओभोवती उभी. "घरात जाऊ का नको, हे बी त्यालाच इचारायचं हुतं," आण्णा म्हणाले. तेव्हा ते शाळकरी पोर होते.

अंकलीच्या पुलाजवळ पोहोचेपर्यंत ऊन आलं होतं. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते, खाली कृष्णेवर धुकं. मी गाडी बंद केली. परकी केंद्रं केव्हाच विरली होती. निवेदिकेचा आवाज इतका जवळून आला, की वाक्याआधी तिनं घेतलेला श्वासही ऐकू आला. आण्णांनी ट्रान्झिस्टर कठड्यावर ठेवला, नेहमीसारखा जरासा तिरका.

"निघायचं का?" मी विचारलं.

"थांब की. बाजारभाव लागल्यात."