‘सांभाळून’ या शब्दाविषयी

‘नोकरी आणि गाणे, दोन्ही कसे हो सांभाळता?’ हा प्रश्न मला कला अकादमीच्या आवारात, परीक्षकांच्या चहापानात आणि एकदा तर ताळगावच्या बाजारात मासळीच्या पाटीपुढेही विचारला गेला आहे. ‘जमते कसेतरी’ असे म्हणून मी आजवर वेळ मारून नेली. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून या वेळी नीट उत्तर देते.

मी काहीही सांभाळत नाही. पहाटे पाचला काळी चारच्या पट्टीत तानपुरा लावून बसते तेव्हा डोक्यात त्या दिवशीच्या तासाची टिपणे असतात, आणि बी.एस्सी.च्या मुलांना अनुमापन दाखवताना, ब्युरेटमधून पडणारे थेंब मोजता मोजता, आदल्या दिवशी निसटलेला एखाद्या तानेचा दुवा सापडतो. ही दोन्हीकडची उसनवारी आहे, आणि ती फेडताना कुणाचे तरी थोडे बुडतेच. बढतीच्या अर्जात गाण्याच्या बैठकी कुठे दाखवायच्या असे विचारले, तेव्हा एका सहकाऱ्याने ‘विस्तारकार्यात टाका’ असा सल्ला अगदी मनापासून दिला. मी तो मानला नाही. मानायला हवा होता, असे अर्ज परत आल्यावर वाटले.

यावर गायिका अश्विनीताई भिडे-देशपांडे यांचे उदाहरण हमखास पुढे येते. त्यांनी जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली, हे सांगणाऱ्याला पाठ असते; त्यानंतर त्यांनी गाण्यालाच वाहून घेतले, हे वाक्याचे उरलेले अर्धे तो सोयीने गाळतो. त्यांनी निवड केली. मी केली नाही, आणि ते न करण्याची कारणे मी वेळोवेळी बदलत आले आहे.

काही वर्षांपूर्वीच्या कार्तिकातली एक रात्र सांगते. फोंड्याकडच्या एका देवळातल्या उत्सवात माझे गाणे होते. तीन दिवस प्रात्यक्षिक परीक्षा चालू होत्या. प्रयोगशाळेतल्या पंख्यांच्या घरघरीवर आवाज चढवून बोलल्यामुळे घसा उतरला होता, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा गाडीच्या मागच्या आसनावर तसाच होता. मी बसंती केदार धरला. हा आमच्या जयपूर घराण्याचा आवडता जोडराग, बसंत आणि केदार हे दोन राग मिळून झालेला. त्यात केदारातून बसंतात शिरण्यापेक्षा तिथून परतणे अवघड. (दोन नोकऱ्या आणि जोडराग हा योगायोग माझ्याही ध्यानात आला आहे, कृपा करून तो मला कुणी समजावू नये.) पहिली पाचसहा आवर्तने बरी गेली. मग एक आलाप लांबला, बसंताच्या कोमल ऋषभावर मी जरा जास्त रेंगाळले आणि मुखडा, म्हणजे समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आणून सोडणारी बंदिशीची ओळ, कुठून उचलायचा तेच सुचेना. तबलजींच्या लक्षात आले असावे, कारण चौदाव्या मात्रेपासून त्यांनी ठेक्यातला सगळा भरणा काढून बोल स्वच्छ केले. तरीही पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांच्या थापा समेवर आपापल्या मांड्यांवर पडल्या, आणि मी अजून दोन मात्रा मागे होते. सगळा चौक समेवर पोहोचला होता, एकटी गाणारी सोडून. पुढच्या आवर्तनात मी सावरले, भैरवीपर्यंत गायले, श्रीफळही घेतले. चपला शोधत असताना त्यांतलेच एक आजोबा जवळ आले आणि अतिशय मायेने म्हणाले, “नोकरी सांबाळून तुमी बरें गायतात.”

ती सम चुकल्याचे दुःख महिनाभरात ओसरले. ते वाक्य मात्र अजून ओसरलेले नाही, कारण त्यातल्या ‘सांबाळून’ या शब्दात क्षमा होती आणि ती मी मागितली नव्हती.

त्यानंतर वर्षभर मी सर्वांना परीक्षांचे आणि उतरलेल्या घशाचे कारण सांगितले. घसा उतरला होता हे खरेच. पण सम घशाने चुकत नाही. तो राग माझ्याकडे पुरता पिकलेला नव्हता, आणि माझ्या गुरू, आमच्या बाई, यांनी ‘तिथे यमन गा’ असे दोनदा सांगितले होते. नोकरी नसती तर तो पिकला असता का? तेव्हा मी छातीठोकपणे ‘हो’ म्हणत असे. आता म्हणवत नाही, कारण त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुटीत मला रिकाम्या सकाळी भरपूर मिळाल्या होत्या, आणि त्या कशात गेल्या हे मला आठवते.

‘मग हौशी म्हणवून घ्या आणि मोकळ्या व्हा’ असेही सुचवले जाते. गोव्यात हा शब्द मला सहज उच्चारता येत नाही. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या गायिका जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेऊन मोठ्या झाल्या, त्या ज्या कलावंत समाजात जन्मल्या तिथे गाणे हा पेशा होता. इतर घरांतल्या मुलींनी गायचेच तर हौसेपुरते, असा दंडक होता. ‘हौशी’ या शब्दाला आपल्याकडे जी प्रतिष्ठा चिकटली आहे, ती बरीचशी तिथून आलेली आहे. महिन्याचा पगार ठरल्या वेळी जमा होतो म्हणून चुकलेली सम मला परवडते. केसरबाई-मोगूबाईंना ती परवडणारी नव्हती. हे कळूनही मी राजीनामा लिहिलेला नाही, आणि वर्गात आवर्तसारणी शिकवताना मला कंटाळा येतो असेही नाही. उलट तिथे कुणी ‘गाणे सांभाळून बऱ्या शिकवता’ म्हटले, तर मी तितकीच चिडते.

यंदा त्याच देवळातून पुन्हा बोलावणे आले आहे, पुन्हा परीक्षांच्याच आठवड्यात. मी होकार कळवला आहे. कोणता राग गाणार, हे बाईंना अजून सांगितलेले नाही.