पाच मिलिमीटरची रिंग

आज अख्खी दुपार लॅबमधल्या इन्व्हर्टेड, म्हणजे नमुना खालून पाहणाऱ्या मायक्रोस्कोपपुढे गेली. जुना आहे, पण काचा अजून झकास. त्याच्या तिसऱ्या, कॅमेऱ्यासाठीच्या नळीवर अडॅप्टर लावून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा चढवला. आधी स्क्रीन काळीकुट्ट. प्रकाश कॅमेऱ्याकडे वळवणारा दांडा ओढलाच नव्हता! मग पेशी दिसल्या, पण धूसर. डोळा लावायच्या आयपीसमधून मात्र लख्ख. तासभर फोकसशी झटापट. शेवटी डोक्यात प्रकाश पडला: कॅमेऱ्याची जोडणी सीएस-माउंट प्रकारची, तिच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर १२.५ मिमी; अडॅप्टर सी-माउंट प्रकारचा, त्याला १७.५ लागतं. मधली ५ मिमीची रिंग कॅमेऱ्यावरच होती की! मीच शहाणपणाने झाकणाबरोबर काढून खोक्यात टाकली होती. लावली, आणि फ्लास्कच्या तळाशी विभाजनासाठी गोल झालेली एक पेशी स्क्रीनवर स्वच्छ उमटली. चहा केव्हाच गार झालेला.