एकटी सोंगटी ठेवावी का?

पावसात बल्कावात (गोव्याकडच्या घरापुढच्या ओट्यावर) बॅकगॅमनचा, म्हणजे दोन फासे टाकून सोंगट्या घरी न्यायच्या खेळाचा, पट मांडला, तरी जोडी फोडायला हात धजत नाही: एका खान्यात दोन सोंगट्या सुरक्षित, एकटीला मात्र मार बसू शकतो. आधी समोरच्याचं घर (त्याचे शेवटचे सहा खाने) बघा. तिथे चार-पाच खाने बंद (त्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्यांनी अडवलेले) असतील तर जपून. मार बसला की सोंगटी बारवरच (पटाच्या मधल्या पट्टीवर) अडकते, समोरच्याच्या घरात मोकळा खाना मिळेपर्यंत. दोनच बंद असतील, किंवा तुमची जोडी तिथे आधीच बसली असेल, तर बिनधास्त व्हा.

सुरुवातीलाच २-१ पडलं? १३ व्या खान्यावरून ११, ६ वरून ५ (खाने आपल्या घराच्या टोकापासून मोजायचे). पाचव्यातली सोंगटी दोन फाशांच्या ३६ दानांपैकी १५ दानांनी मरते (भीती वाटते त्याहून कमीच), वाचली तर पुढच्या फेरीत दुसरी सोंगटी आणून झाकायची.

मधे अडथळा नसेल तर सहा खान्यांवरून १७ दानं मारतात, सातांवरून फक्त ६. एका खान्याचा एवढा फरक!