तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिसाची मुदत संपलीय, पण युरोपातल्या युरोपात फिरलं तर चालेल ना?

महिन्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कधी चुलत बहिणीच्या नणंदेकडून, कधी गणपतीची आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत, कधी अनोळखी नंबरवरून: "ताई, तुम्ही म्युनिकला असता ना? आईबाबांचा टूरिस्ट व्हिसा संपून चार दिवस झालेत, पण पॅरिस राहिलंय. रेल्वेनं गेलं तर कोण विचारतंय? सीमा तर उरल्याच नाहीत ना आता?"

मी दर वेळी आधी एकच सांगते, स्टिकरचा फोटो पाठवा. व्हिसा नेमका कधी संपला हेच बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आमच्या घरातही नव्हतं.

२०२३ च्या जूनमध्ये माझे मामा-मामी सांगलीहून आले होते. मामा एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळा सांभाळलेला माणूस. १ जूनला उतरले, ३० जूनचं परतीचं तिकीट होतं. पंचविसाव्या दिवशी मामींनी मला विचारलं, "अगं, आणखी आठवडाभर राहिलो तर?" मी पासपोर्ट उघडला, व्हिसावर 'पर्यंत' या रकान्यात ११ जुलै दिसलं, आणि तिथल्या तिथे तिकीट ९ जुलैचं करून टाकलं. मामांनी दोनदा विचारलं होतं, "नक्की ना गं?" मी म्हटलं, "मामा, छापलंय की इथे."

छापलेलं तसं आणखीही बरंच होतं. त्या तारखांच्या खालच्या ओळीत, प्रवेशांच्या संख्येशेजारी, मुक्कामाचे दिवस लिहिलेले असतात. तिथे ३० होतं. म्हणजे २८ मे ते ११ जुलै या काळात कधीही या, पण राहायचं तीसच दिवस. वरचे पंधरा दिवस राहण्यासाठी नसतात, विमान मागेपुढे झालं तर प्रवास पुढे ढकलता यावा म्हणून दिलेली सवड असते ती. आल्याचा दिवस धरायचा, गेल्याचाही धरायचा. त्या हिशेबानं ३० जूनला रात्री बारा वाजता मामा-मामींचा मुक्काम कायद्यानं संपला होता, आणि मी बारा वर्षं जर्मनीत राहून, घरात तीन शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या व्हिसाचे) स्टिकर चिकटलेले पासपोर्ट असून, ते वाचलं नव्हतं.

२ जुलैला रविवार होता. आम्ही सीमेपलीकडे ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गला गेलो. म्युनिकहून दोन तासांचा रस्ता आहे, बायर्न-तिकिटावर, म्हणजे बायर्न राज्यात दिवसभर चालणाऱ्या रेल्वेच्या तिकिटावर, जाऊन येता येतं. संगीतकार मोत्सार्टच्या जन्मघरासमोर फोटो झाले. किल्ल्यावर चढून मामांनी पन्हाळ्याच्या तुलनेत तो कसा बेताचाच आहे हे सांगून झालं. जाताना कुणी काहीही विचारलं नव्हतं. परतीच्या गाडीत मामी डबा उघडून बसल्या आणि साल्झबुर्गहून दहा मिनिटांच्या आत गाडी फ्रायलासिंगला थांबली. हे जर्मनीचं पहिलं स्टेशन. गाडी थांबली ती थांबलीच.

निळ्या गणवेशातले दोघं डब्यात चढले. मामींना वाटलं तिकीट तपासनीस. त्यांनी लगबगीनं तिकीट पुढे केलं, त्यावर आमची नावं लिहिलेली होतीच. त्या पोलीस बाईनं हसून तिकीट परत दिलं आणि पासपोर्ट मागितले. मामांचा पासपोर्ट उघडून तिनं आधी व्हिसा पाहिला, मग शिक्का शोधला. म्युनिक विमानतळाचा तो चौकोनी शिक्का, कोपऱ्यात विमानाचं चित्र, मध्ये तारीख. पेनचं टोक त्या तारखेवर ठेवून ती ओठातल्या ओठात मोजत राहिली. मला जर्मन येतं हा त्या क्षणी शापच होता, कारण तीस नंतर ती थांबली नाही. एकतीस. बत्तीस. मग तिनं मामांकडे पाहिलं आणि फार सौम्यपणे म्हणाली, सामान घेऊन खाली उतरा.

पुढचे साडेतीन तास स्टेशनजवळच्या त्यांच्या खोलीत गेले. वागणूक चांगली होती, मामींना पाणी दिलं, डबा खायलाही सांगितलं. पण बोटांचे ठसे घेतले, फोटो काढले, फोनवर हिंदी दुभाषा जोडून जबाब घेतला. मामा प्रत्येक उत्तराच्या शेवटी "चूक झाली साहेब" म्हणत होते आणि तो दुभाषा तेवढंच वाक्य भाषांतर न करता सोडून देत होता. शेवटी एक कागद मिळाला. अमुक तारखेच्या आत देश सोडा आणि सोडताना हा कागद विमानतळावर सीमा पोलिसांकडे द्या, म्हणजे तुम्ही खरंच गेलात याची नोंद होईल. त्या कागदाचं नाव ग्रेन्त्स-युबरट्रिट्स-बेशायनिगुंग. नाव पूर्ण उच्चारेपर्यंत माणूस सीमा ओलांडून जातो. तिसऱ्या दिवशी नवं तिकीट काढून मामा-मामी गेले.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. "सीमा नाहीत" हे खरंही आहे आणि नाहीही. १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर पाच देशांनी आपापसातली सीमातपासणी उठवण्याचा करार केला, आज त्यात २९ देश आहेत. पण शेंगेनच्या नियमांतच अशी तरतूद आहे की सुरक्षिततेचं कारण देऊन देशांना आपापल्या सीमेवर तात्पुरती तपासणी सुरू करता येते. तात्पुरतीचा अर्थ आपल्याकडच्या तात्पुरत्या पुलासारखाच. जर्मनीनं ऑस्ट्रियाच्या सीमेवर ती २०१५ च्या सप्टेंबरात सुरू केली, आणि १६ सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या भूसीमांवर नेली. फ्रान्समध्ये २०१५ पासून आहे. इटलीतल्या व्हेंटिमिलियाहून नीसला जाणारी लोकल फ्रान्सच्या मांतों-गाराव्हानला थांबते आणि पोलीस डबे तपासतात. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनहून पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला जाताना पहिल्याच स्टेशनवर ओळखपत्र मागतात. लांब पल्ल्याच्या रात्रीच्या बसमध्ये तर हमखास झोपमोड होते. सगळ्यांनाच विचारतात असं नाही, आणि कुणाला विचारतात ते डब्यात एक नजर फिरवली की कळतं. आपण त्या नजरेतून सहसा सुटत नाही. हे बरोबर आहे का, तर नाही. पण प्रवासाचा बेत आखताना ते धरूनच चालावं लागतं.

विमानानं गेलात तर? तिथे शिक्का नसतो, पण ओळखपत्र म्हणून तुमच्याकडे पासपोर्टच असतो, आणि तो उघडला की व्हिसाचं पान निघतंच. हॉटेलात राहिलात तर इटलीत हॉटेलवाला पाहुण्यांची माहिती चोवीस तासांत पोलिसांना कळवतो, स्पेनमध्येही कळवावीच लागते. मुदत संपलेल्या माणसासाठी सीमा ही नकाशावरची रेघ राहतच नाही, ती काउंटरवरच्या प्रत्येक "पासपोर्ट प्लीज"मध्ये येऊन बसते.

आणि माझ्या मते खरा धोका पकडले जाण्याचा नाहीच. तो वेगळाच आहे. बार्सिलोनाच्या मेट्रोत पाकीट मारलं गेलं, तर तुम्ही पोलीस चौकीत जाल? पासपोर्टच गेला तर भारतीय दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देईल, पण त्यावर फक्त भारतात परत जाता येतं, आणि निघताना सीमेवर प्रश्न होणारच. आजारी पडलात तर? व्हिसासाठी काढलेला तीस हजार युरोंचा विमा ठरलेल्या दिवसांचाच होता. सत्तरीतल्या माणसाला घेऊन पॅरिसच्या पायऱ्या चढणार असाल तर रेल्वेतल्या पोलिसापेक्षा याची काळजी आधी करा.

शिक्षा काय, हेही सगळे विचारतात. उत्तर देशागणिक बदलतं, म्हणून तर फिरणं हा जुगार. स्पेनमध्ये ५०१ ते १०,००० युरो दंडाची तरतूद आहे. इटलीत ५,००० ते १०,००० ची. जर्मनीत जाणूनबुजून राहिलात तर तो फौजदारी गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. निष्काळजीपणानं झालं तर त्याहून सौम्य बाब. युरोपीय नियमाप्रमाणे परत जाण्याचा आदेश निघाला की स्वतःहून जायला साधारण ७ ते ३० दिवस मिळतात, आणि प्रवेशबंदी घातली तर ती सहसा पाच वर्षांपर्यंतची असते. ती बंदी एका देशानं घातली तरी सामायिक यंत्रणेत चढते आणि २९ देशांच्या पडद्यावर दिसते. दोन दिवस उशीर झाला म्हणून लगेच बंदी येते असं मुळीच नाही. पण दोन दिवस उशीर झालेला माणूस थेट विमानतळाकडे निघालेला सापडणं आणि तोच माणूस तिसऱ्या देशाचं आरक्षण खिशात घेऊन सापडणं, यातला फरक समोरच्या अधिकाऱ्याला सांगावा लागत नाही. आमच्या बाबतीत ९ जुलैचं तिकीट दाखवता आलं आणि मी आकडा चुकीचा वाचला हे पटलं. तीन महिन्यांनी प्रकरण बंद केल्याचं पत्र आलं.

"ग्रीसमधून बाहेर पडा, तिथे मोजत नाहीत," हा सल्ला मीही ऐकलाय. शिक्क्यांच्या काळात त्यात थोडं तथ्य असेल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर नवी प्रणाली टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे, आणि दिवस यंत्रच मोजतं. बाहेर पडल्याची नोंद नसेल तर तुमचं नाव आपोआप मुदत उलटलेल्यांच्या यादीत जातं आणि ती माहिती पाच वर्षं राहते. दुसरा सल्ला, "लंडनला जाऊन परत या, दिवस नव्यानं सुरू होतात." होत नाहीत. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस ही कमाल मर्यादा मागे वळून मोजतात, आणि तुमच्या स्टिकरवर ३० असतील तर तुमच्यासाठी तीसच. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येणंच नाही.

मध्यंतरी एका मुलाचा फोन आला. सातारकडचा, आवाजावरून विशीतला. एजंटानं पर्यटक व्हिसावर पोलंडला आणलेला, "तिथे गेल्यावर कार्ड होतं", म्हणजे राहण्याचा परवाना मिळतो, म्हणून. कार्ड झालं नाही, व्हिसा संपला. आता कुणीतरी सांगितलं होतं की बसनं लिस्बनला जा, पोर्तुगालमध्ये काम दाखवलं की कागद मिळतात. मिळायचे, एके काळी. कामावर लागून, सामाजिक सुरक्षेचे हप्ते भरून अर्ज करता येत असे. ती वाट पोर्तुगालनं जून २०२४ मध्ये नव्या लोकांसाठी बंद केली. त्याच्या एजंटाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही. मी त्याला म्हटलं, बसचं तिकीट काढू नकोस. वाटेत जर्मनी आहे, फ्रान्स आहे, स्पेन आहे. जिथे आहेस तिथल्याच एखाद्या स्थलांतरितांना मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेत आधी जा, वकिलाशी बोल. "ताई, पण घरी साडेआठ लाखांचं कर्ज आहे," तो म्हणाला. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामांच्या चुकीला आणि त्याच्या अडचणीला एकच शब्द वापरतात, ओव्हरस्टे, याचाच मला राग येतो.

ज्यांची मुदत अजून संपलेली नाही पण संपणार असं दिसतंय, त्यांना मात्र वाट आहे. दवाखान्यात भरती व्हावं लागलं, विमानंच बंद पडली, तर मुदत संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करायचा. अटळ कारण असेल तर मुदतवाढीला शुल्क नाही, गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो. २०१० च्या एप्रिलमध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेनं युरोपची विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा कितीतरी जण असे अडकले होते. विमान रद्द झाल्याचा कागद, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जपून ठेवायचं. आणि मुदत उलटूनच गेली असेल तर पॅरिस सोडा. आहात त्या देशातून, शक्यतो थेट विमानानं, लवकरात लवकर निघा.

आमच्या प्रकरणाचं शेपूट मात्र राहिलं. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी नियम सैल झाले. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा व्हिसा मिळू शकतो. मामांच्या शेजाऱ्यांना मिळाला. मामांनी २०२५ मध्ये साधा पंधरा दिवसांचा मागितला. फ्रायलासिंगचे सगळे कागद जोडले, माझं पत्र जोडलं. नकाराचा छापील फॉर्म आला, त्यात एका चौकोनावर फुली होती: मुदत संपण्यापूर्वी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे.

मामांनी तो फॉर्म मला फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चौतीस वर्षांत एक गाडी उशिरा सोडली नाही मी."

हल्ली सांगलीत कुणाच्या घरी युरोपचा व्हिसा आला की तो मामांकडे जातो. ते चष्मा पुसतात, पहिली तारीख बघतात, दुसरी झाकतात, आणि खालच्या आकड्याभोवती पेन्सिलीनं हलकं वर्तुळ काढायला हात पुढे करतात. मामी दर वेळी ओरडतात, "अहो, पासपोर्टवर नका लिहू!"